विम्याचा कागद मोबाइलमध्ये ठेवावा की गाडीत?

मागच्या महिन्यात गाडीचा पुढचा कप्पा आवरायला घेतला. टायरमधली हवा मोजायचं यंत्र, काडी मोडलेला चष्मा, टिश्यूचं चेपलेलं पाकीट आणि सगळ्याच्या तळाशी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये विम्याचे कागद. एक नाही, चार वर्षांचे चार. चारही मुदत संपलेले. सगळ्यात वरचा ओढला तर तो करकरत सुटला आणि त्यावरची निम्मी अक्षरं फोल्डरलाच चिकटून राहिली. लेझर प्रिंटरची शाई म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड असते. उन्हाने तापलेल्या मऊ फोल्डरला ती हळूहळू लागून बसते. पॉलिसी नंबर आता कागदावर नव्हता, फोल्डरवर होता, तोही उलटा, आरशात धरून वाचावा असा. मग चालू वर्षाची पॉलिसी कुठे होती? ईमेलमध्ये. ‘कागद गाडीत आहेत’ या समजुतीवर मी कित्येक महिने बिनधास्त फिरत होतो.

‘मोबाइलमध्ये आहे ना, मग कागद कशाला?’ म्हणणारे आणि ‘कागद तो कागद’ म्हणणारे, दोघांचंही निम्मं निम्मं बरोबर आहे. घोळ वेगळ्याच ठिकाणी आहे. हा कागद आपण आपला समजतो, पण तो लिहिलेला असतो दुसऱ्या कुणी वाचावा म्हणून. वाचणारा कोण, तो कधी वाचणार आणि त्या वेळी आपण कुठल्या अवस्थेत असणार, हे पाहिलं की कुठे काय ठेवायचं ते बरंचसं आपोआप ठरतं.

पॉलिसी वेगळी, प्रमाणपत्र वेगळं

विमा उतरवला की आपल्याला खरं तर दोन गोष्टी मिळतात, आणि बहुतेक जण त्यांना सरसकट ‘पॉलिसी’च म्हणतात. पॉलिसी म्हणजे करार. काय भरून मिळणार, काय नाही, कुठल्या अटींवर, हे सांगणारी वीस-तीस पानं. हा करार आपल्यात आणि कंपनीत. दुसरी गोष्ट म्हणजे विमा प्रमाणपत्र. ते एखाद्या पानाचं असतं. गाडीचा नंबर, मालकाचं नाव, पॉलिसी नंबर, कधीपासून कधीपर्यंत, गाडी कोण चालवू शकतं, एवढंच त्यावर असतं. हे पान तिसऱ्या माणसासाठी आहे: रस्त्यात अडवणारा पोलीस, किंवा आपल्या गाडीचा धक्का लागलेला माणूस.

ब्रिटनमध्ये १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला, तेव्हाच हे प्रमाणपत्रही आलं. विमा आहे की नाही हे गाडीकडे बघून कळत नाही. दिवे फुटलेले दिसतात, टायर गुळगुळीत झालेला दिसतो. विमा मात्र दिसत नाही. म्हणून दाखवायला एक कागद. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही तीच रचना आहे. कलम १४६ सांगतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायची तर थर्ड पार्टी विमा हवाच, आणि कलम १४७ म्हणतं की कंपनीने ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र दिल्याशिवाय पॉलिसी या कामापुरती लागूच होत नाही. तो नमुना म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला फॉर्म ५१. पुढच्या वेळी पीडीएफ उघडाल तेव्हा हे फॉर्म ५१ चं पान शोधा. रस्त्यात दाखवायचं ते हे. बाकीची पानं घरी शांतपणे वाचायची.

कागदाचा एक दोष मात्र पहिल्या दिवसापासून होता. पॉलिसी मेली तरी कागदाला ते कळत नाही. हप्त्याचा चेक परत गेला, किंवा कुणी पॉलिसी मधेच रद्द करून पैसे परत घेतले, तरी कप्प्यातलं प्रमाणपत्र वर्षअखेरपर्यंत ‘विमा चालू आहे’ असंच सांगत राहतं. म्हणून ब्रिटनमध्ये नियम होता की पॉलिसी रद्द केली तर ७ दिवसांत प्रमाणपत्र कंपनीला परत करायचं. २०१५ मध्ये तो काढून टाकला, कारण तोवर कागदावर विसंबून राहायची गरजच उरली नव्हती.

खरा पुरावा नोंदीत

गरज उरली नाही, कारण मधल्या काळात नोंदी एका जागी आल्या. ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांच्या मोटर इन्शुरर्स ब्युरोकडे विमा असलेल्या गाड्यांची मध्यवर्ती नोंद असते. पोलिसांचा कॅमेरा धावत्या गाडीची नंबरप्लेट वाचतो आणि ती नोंद तपासतो. गाडी थांबवायच्या आधीच उत्तर मिळालेलं असतं. जर्मनीत तर कागद वाटेतच वगळला. १ मार्च २००८ पासून तिथे गाडीची नोंदणी करताना विमा कंपनीने दिलेला ७ अक्षरा-आकड्यांचा एक संकेत सांगायचा असतो. तो टाकला की नोंदणी कार्यालयाला विमा असल्याचं थेट कळतं. आधी त्यासाठी कंपनीचं छापील कार्ड घेऊन जावं लागे. फ्रान्समध्ये काचेवर लावायचा हिरवा चौकोनी कागद हे अनेक पिढ्यांच्या सवयीचं दृश्य होतं. १ एप्रिल २०२४ पासून तो बंद झाला. आता पोलीस विमा उतरवलेल्या गाड्यांची राष्ट्रीय यादी बघतात.

भारतातही दिशा हीच. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं मूळ कागदांसारखीच ग्राह्य धरावीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियम १३९ बदलून कागद ‘भौतिक किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात’ दाखवण्याची मुभा नियमातच घातली. विम्याची माहिती इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोमार्फत ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत जाते, आणि पोलिसाच्या हातातल्या चलनाच्या यंत्रात तीच दिसते. १ एप्रिल २०२४ पासून तर विमा नियामकाने कंपन्यांना पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणं बंधनकारक केलं आहे. म्हणजे मूळ प्रतच आता डिजिटल आहे, आणि आपण छापून ठेवतो ती तिची नक्कल. पूर्वी मूळ कागद घरात जपून झेरॉक्स गाडीत ठेवायचो. आता ‘मूळ’ नावाचा कागद जन्मालाच येत नाही.

म्हणून ‘डिजिटल चालतं का?’ याचं उत्तर ‘चालतं’ इतकंच. पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: तुमच्या मोबाइलमध्ये नेमकं काय आहे?

मोबाइलमधल्या चार गोष्टी

आपण ‘मोबाइलमध्ये आहे’ म्हणतो तेव्हा चारांपैकी कुठलीही एक गोष्ट असू शकते, आणि त्यांची किंमत सारखी नाही.

कागदाचा काढलेला फोटो सगळ्यात कच्चा. तो कुणीही बदलू शकतं आणि अमान्य करणाऱ्या अधिकाऱ्याशी वाद घालायला आपल्याकडे फारसं काही नसतं. स्क्रीनशॉट त्याचाच भाऊ. पण आपल्याला स्वतःला पॉलिसी नंबर आठवावा म्हणून दोन्ही उत्तम. मला हे वाईट वाटत नाहीत. त्यांना पुरावा समजणं वाईट.

कंपनीने पाठवलेली मूळ पीडीएफ ही तिसरी. तिच्यात डिजिटल सही असते आणि ही सही म्हणजे स्कॅन करून डकवलेलं चित्र नव्हे. फाइलमधल्या एकूण एक अक्षराचं गणित करून एक लांबलचक आकडा काढला जातो आणि कंपनी तो आपल्या गुप्त किल्लीने बंद करते. पुढे कुणी तारखेतला एक आकडा जरी बदलला तरी नवं गणित जुन्या आकड्याशी जुळत नाही आणि सही तुटलेली दिसते. आता इथे एक गंमत होते. आपण संगणकावर फाइल उघडतो आणि सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह झळकतं: सही पडताळलेली नाही. लोक घाबरतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की सही ज्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर उभी आहे, ती आपल्या संगणकातल्या ओळखीच्या यादीत नाही. अनोळखी माणूस आणि खोटा माणूस यांत फरक आहे, तसंच. सहीनंतर फाइल बदलली असेल तर तो इशारा वेगळ्या शब्दांत येतो. मोबाइलवरचे बरेच पीडीएफ वाचक तर सही तपासतच नाहीत. तिथे काहीच दिसत नाही म्हणून सगळं ठीक, असंही नाही.

ही सही फाइलमध्ये असते, पानावर नसते. छापलं की ती गेली. कुणी फाइल ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून नव्याने साठवली, आकार कमी करायला एखाद्या वेबसाइटवर दाबून घेतली, तरी गेली. म्हणून मूळ फाइल जशी आली तशीच कुठेतरी ठेवायची आणि जी काय छेडछाड करायची ती तिच्या प्रतीवर. आणखी एक: पुष्कळ कंपन्या फाइलला पासवर्ड घालतात. जन्मतारीख, नावाची पहिली चार अक्षरं, पॉलिसी नंबरचे शेवटचे आकडे, यांचं काहीतरी मिश्रण. ते मिश्रण ज्या ईमेलमध्ये लिहिलेलं असतं, ती रस्त्याच्या कडेला, रेंज नसताना, मागे हॉर्न वाजत असताना सापडत नाही. फाइल मिळाली त्याच दिवशी मोबाइलमध्ये उतरवून, उघडून, पासवर्ड नावातच लिहून ठेवलेला बरा.

चौथी गोष्ट म्हणजे ॲपमधली नोंद. डिजिलॉकरमध्ये दोन वेगळे विभाग आहेत आणि हा फरक माहीत नसल्याने लोक फसतात. एक ‘इश्यूड’, म्हणजे संस्थेने स्वतःच्या नोंदीतून थेट दिलेली कागदपत्रं. दुसरा ‘अपलोडेड’, म्हणजे आपणच चढवलेली. डिजिटल लॉकरच्या नियमांत २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मूळ कागदाचा दर्जा दिला तो पहिल्याला. दुसऱ्यात ठेवलेला फोटो सरकारी ॲपमध्ये आहे म्हणून सरकारी होत नाही. देवघरात ठेवलेल्या बिलाचा काही प्रसाद होत नाही.

नोंदच चुकते तेव्हा

आतापर्यंत वाटेल की मग नोंद आहे तर बाकी सगळं फुकट. पण नोंदी माणसंच भरतात.

समजा विमा संपायच्या आदल्या रात्री तुम्ही ऑनलाइन पैसे भरले. पॉलिसी मिनिटात आली. पण कंपनीकडून मध्यवर्ती नोंदीत माहिती पोचायला वेळ लागू शकतो. दुसऱ्या दिवशी अडवलं तर यंत्रात विमा संपलेला दिसेल, आणि त्या क्षणी तुमची बाजू मांडायला फक्त ती पीडीएफ असेल. नूतनीकरणानंतरचे काही दिवस कागद किंवा फाइल हाताशी ठेवायची ती यासाठी.

याहून जुनाट दुखणं म्हणजे नंबर चुकणं. शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’, एकाच्या जागी ‘आय’, चासी नंबरातला एखादा आकडा पुढेमागे. पॉलिसी खरी, पैसे खरे, कंपनी खरी. पण नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्याच्या लेखी तुमच्या गाडीला विमाच नाही. नव्या गाडीत हे हमखास होऊ शकतं, कारण विमा आधी निघतो आणि नंबर नंतर मिळतो. तोवर पॉलिसीवर इंजिन आणि चासी नंबरच असतो. नंबर मिळाल्यावर तो पॉलिसीत घालून घ्यायचा असतो. त्या दुरुस्तीला एन्डॉर्समेंट म्हणतात. गाडीच्या आनंदात हे राहून जातं. दुसऱ्या राज्यात गाडी नेऊन नंबर बदलला तरी तेच.

आणि तिसरा प्रकार, सगळ्यात वाईट: पॉलिसीच खोटी. स्वस्तात विमा काढून देतो म्हणणारा कुणीतरी सुबक पीडीएफ पाठवतो. बोधचिन्ह आहे, फॉर्म ५१ आहे, क्यूआर कोडही आहे. छापून गाडीत ठेवली तर खऱ्या कागदाशेजारी ओळखू येणार नाही. फरक कळतो तो नोंदीतच, कारण तिथे ती नसते. त्यामुळे पॉलिसी घेतल्यावर आठवडाभराने आपल्याच गाडीचा नंबर सरकारी ॲपमध्ये टाकून बघायची सवय मी लावून घेतली आहे. नोंद दिसली नाही तर कंपनीला फोन करायचा, पण पीडीएफवर छापलेल्या नंबरावर नाही. खोटी पॉलिसी छापणारा खोटा फोन नंबरही छापतो, आणि तिकडून गोड आवाजात ‘हो सर, तुमची पॉलिसी चालू आहे’ असं उत्तर येतं. नंबर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यायचा. क्यूआर कोडचंही तसंच. स्कॅन केल्यावर उघडणारा पत्ता कुणाचा आहे ते वाचल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

अपघात झाल्यावर

कागदाची बाजू घ्यायची तर ती इथे.

रस्त्यातल्या तपासणीत मोबाइल पुरतो, कारण तिथे आपण शुद्धीवर असतो, हात मोकळे असतात आणि समोरच्याकडेही यंत्र असतं. अपघातात यातलं काहीही गृहीत धरता येत नाही. काचेजवळ अडकवलेला मोबाइल उडून सीटखाली जातो, स्क्रीन फुटते. तो चेहरा बघून उघडणारा असेल आणि चेहऱ्याला मार लागला असेल तर तो मालकालाही ओळखत नाही. मदतीला आलेल्या अनोळखी माणसाच्या हातात तर तो नुसती काळी पाटी. कप्प्यातल्या कागदाला पासवर्ड नसतो. कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, मदतीचा फोन, कुणीही वाचू शकतं. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर तातडीची माहिती दिसेल अशी सोय बहुतेक फोनमध्ये असते. तिथे रक्तगटासोबत विमा कंपनीचा नंबरही लिहिता येतो. पण तो फोन आधी सापडायला हवा.

उन्हाचं वेगळंच. ॲपलने आयफोन वापरायचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगितलं आहे. बंद गाडीतला डॅशबोर्ड कडक उन्हात याच्या कितीतरी पुढे जातो. तिथे राहिलेला फोन तापमानाची सूचना दाखवून गप्प बसतो. तातडीचा फोन तेवढा लावू देतो. तुमची पीडीएफ दाखवत नाही. त्याच उन्हात कागद पिवळा पडतो, अक्षरं फोल्डरला चिकटतात, पण वाचता येतो. आरशात धरून का होईना.

मग गाडी दुसरा चालवत असतो तेव्हा. हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो आणि तो कुणाच्या डोक्यात येत नाही. विमा गाडीचा असतो, ॲप मालकाच्या फोनमध्ये. मुलगी गाडी घेऊन गेली, भावाने दोन दिवस मागून नेली, पगारी ड्रायव्हर आहे. पोलिसाने विचारल्यावर मुलगी वडिलांना फोन लावणार, वडील विमानात. लॉगिनचा ओटीपी वडिलांच्या नंबरावर. अशा घरात गाडीत एक छापील पान आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये फाइल, दोन्ही हवं. एमपरिवहनमध्ये गाडीचं आभासी आरसी दुसऱ्याला पाठवायची सोय आहे, पण ती निघण्याआधी वापरायची असते, चौकात नव्हे.

समोरच्याची माहिती घ्यायची असते तेव्हा मात्र मोबाइलला तोड नाही. त्याचं प्रमाणपत्र, लायसन्स आणि मुख्य म्हणजे नंबरप्लेट, तिन्हींचा फोटो काढायचा. धक्क्यानंतर हात थरथरत असतात. तेव्हा लिहून घेतलेला नंबर घरी आल्यावर आपल्यालाच वाचता येत नाही. नंबरप्लेटचा फोटो पहिला काढायचा, कारण कागद खोटा निघाला तरी प्लेटवरून नोंदीपर्यंत पोचता येतं. जर्मनीत विमा कंपन्यांनी त्यासाठी एक मध्यवर्ती फोन सेवाच ठेवली आहे: प्लेटचा नंबर सांगा, समोरच्याची विमा कंपनी कळते.

फोन दुसऱ्याच्या हातात देताना

पोलिसाला कागद देणं आणि फोन देणं एकच नाही. कागदावर विमाच असतो. फोनमध्ये आपलं सगळं आयुष्य, आणि दाखवायच्या नेमक्या क्षणी वरून कुठल्या ग्रुपवरचा मेसेज टपकेल सांगता येत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१३ पासून विम्याचा पुरावा मोबाइलवर दाखवायला परवानगी दिली, तेव्हा कायद्यातच लिहिलं की अधिकाऱ्याने फोनमधलं दुसरं काहीही पाहायचं नाही. त्याच कायद्यात हेही आहे की दाखवताना फोनला काही झालं तर जबाबदारी दाखवणाऱ्याची. दोन्ही बाजूंचा विचार केलेला दिसतो.

असा स्पष्ट नियम नसेल तिथे स्वतःची सोय स्वतः करावी. आयफोनमध्ये ‘गाइडेड ॲक्सेस’ आणि अँड्रॉइडमध्ये ‘ॲप पिनिंग’ नावाची सोय असते. ती चालू केली की समोर उघडलेलं ॲप सोडून दुसरीकडे जाता येत नाही. घरी एकदा करून बघितलं की दहा सेकंदांचं काम आहे. त्याहून सोपं म्हणजे फोन हातात धरूनच दाखवणं. बहुतेकांना तेवढं पुरतं.

क्लेमच्या वेळी

इथे कागद हरतो. कंपनीला पॉलिसी दाखवायची नसते, तिच्याकडे ती असतेच. सर्व्हेअर पॉलिसी नंबर मागतो, बास. गरज असते ती आपल्याला, अटी वाचायची. आणि तीस पानांच्या बारीक मजकुरात ‘पाणी’ किंवा ‘काच’ हा शब्द शोधायचा तर पीडीएफमध्ये तो टाइप केला की सगळ्या जागा उजळतात. कागदावर हेच काम भिंग घेऊन संध्याकाळभर करावं लागेल, आणि नेमकी हवी ती अट सुटेल.

पण फाइल स्वतःकडे हवी. ईमेलमधली ‘इथे क्लिक करून पॉलिसी डाउनलोड करा’ ही लिंक काही काळाने मरते. कंपनी बदलली की जुन्या कंपनीच्या ॲपमध्ये आपल्याला कोण विचारतं? आणि जुनी पॉलिसी लागते, हे खरं. थर्ड पार्टीचा दावा अपघातानंतर बऱ्याच उशिरा उभा राहू शकतो, आणि तिथे विचारलं जातं ते अपघाताच्या दिवशी कुठली पॉलिसी चालू होती हे. आज कुठली आहे हे नव्हे. म्हणून दरवर्षीची मूळ फाइल, मधल्या सगळ्या एन्डॉर्समेंटसह, गाडीच्या नावाच्या एका फोल्डरमध्ये आणि त्याची एक प्रत फोनबाहेर कुठेतरी. फोन चोरीला गेला तरी क्लेम करता आला पाहिजे. नाव देताना ‘पॉलिसी नवी’, ‘पॉलिसी फायनल’ असलं काही नको. गाडीचा नंबर आणि दोन तारखा पुरे.

गाडीत किती ठेवायचं

गाडीत एकच पान: प्रमाणपत्र. पूर्ण पॉलिसी गाडीत ठेवण्यात शहाणपण नाही. गाडी चोरीला गेली तर कागदही तिच्याबरोबर जातात. शिवाय या कागदांवर घरचा पत्ता असतो. काच फोडून कप्पा उघडणाऱ्याला मालक कुठे राहतो आणि आत्ता घरी नाही, या दोन्ही गोष्टी एकदम कळतात. माझ्या कप्प्यात आता पातळ पाकिटात, प्लास्टिकला अक्षरं टेकणार नाहीत अशी मधोमध घडी घातलेलं एक पान आहे. वरच्या कोपऱ्यात मुदत संपायची तारीख जाड पेनाने लिहिली आहे, म्हणजे उघडल्याबरोबर तीच दिसते. गाडी घेऊन देशाची सीमा ओलांडायची असेल तर छापील प्रत हवीच समजा. युरोप आणि आसपासच्या देशांत चालणारी ग्रीन कार्ड व्यवस्था १९५३ पासून आहे, आणि ते कार्ड हिरव्याच कागदावर हवं ही अट सुटली ती १ जुलै २०२० ला. तेव्हापासून पांढऱ्या कागदावर स्वतः छापता येतं. सीमेवरच्या पद्धती किती सावकाश बदलतात याचा यावरून अंदाज यावा.

नूतनीकरणाच्या दिवशी नवं पान आत आणि जुनं फाडून कचऱ्यात, दोन्ही एकाच फेरीत. गाडी विकताना कप्पा पूर्ण रिकामा करायचा, सीटमागचे खिसेही बघायचे. माझी आधीची गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याने तीन आठवड्यांनी फोन केला: ‘तुमचं एक पाकीट राहिलंय गाडीत.’ आत सहा वर्षांच्या पॉलिसी, माझा पत्ता, सही केलेला एक जुना क्लेमचा अर्ज आणि दुसरी किल्ली होती.